रांगेतली मोकळी जागा

मेंढीचा कान नखाएवढा होता, आणि तो जागेवर धरून ठेवायचा म्हणजे श्वाससुद्धा बेतानं घ्यायला हवा होता... गोंद अजून ओला, प्लास्टरची ती पांढरी कपची जरा हलली की घसरायची. रीनानं अंगठा तसाच दाबून धरला. दर नाताळला स्टाफरूमच्या कपाटावरच्या खोक्यातून हा येशूजन्माचा गोठा बाहेर निघायचा. मारिया, योसेफ, गव्हाणीतलं बाळ, राजे, आणि या मेंढ्या. दरवर्षी कुणाचा तरी कान नाहीतर पाय गेलेला असायचा, आणि जुन्नरच्या बाजारपेठेतल्या जैनांच्या घरची ही सून दरवर्षी तो चिकटवायची. तिला ते आवडायचं. पण आज अंगठ्याखाली कान सुकत असताना तिचे डोळे मेंढीवर नव्हते. खिडकीबाहेरच्या व्हरांड्यातून दुसरीचा वर्ग, तिचाच वर्ग, प्रार्थनेच्या हॉलकडं निघाला होता. जोडीजोडीनं, हात धरून. आणि मधोमध प्रांजल एकटी. उजवा हात अंगापासून जरा दूर, खाली झुकलेला, बोटं अर्धवट मिटलेली... आणि तिच्या शेजारी एका लहान मुलाएवढी जागा मोकळी. मागची जोडी त्या जागेच्या मागून जपून पावलं टाकत होती, कुणाच्या टाचेवर पाय पडू नये अशी.

आजही.

"आज घरी सोडताना ती जागा भरा, रीना टीचर."

सिस्टर फिलोमिना दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नव्हतं. वसईच्या बाई, आवाज कधी चढायचा नाही. शाळा त्यांच्याच हाती होती.

"काल पहिलीतल्या एका मुलीची आई आली होती," त्या म्हणाल्या. "ती मुलगी आता घरीही चालताना बाजूला जागा सोडते. बाजारात, देवळात. घरच्यांना भीती वाटते. मलाही बरं नाही वाटत."

"मी एकदा करून पाहिलं, सिस्टर."

"माहीत आहे. या वेळी प्रेमानं करा. त्या पोरीसाठीच सांगतेय मी."

रीनानं मान हलवली. प्रेमानं. जणू मागच्या वेळी आपण रागानं केलं होतं.

ती जागा भैरूची. भैरवनाथ, प्रांजलचा चार वर्षांचा भाऊ. शाळेत नाव घातलेलं नव्हतं त्याचं. जूनमध्ये छोट्या गटात यायचा होता. पण आजी, तुकाबाई, रोज सकाळी दोघांना घेऊन वस्तीवरून यायची, आणि फाटक उघडलं की हा बहिणीचा हात धरून थेट रांगेत. सिस्टरनी एकदा हसून चालवून घेतलं, आणि मग तो रिवाजच झाला. रांगेबरोबर व्हरांडाभर चालायचं आणि मग आजीनं उचलून न्यायचं. उचलायच्या आधी तो रीनाचा पदर ओढायचा. "टीचर, मी कवा येऊ शाळंत?" ती म्हणायची, "आंबे संपले की." तो विचारात पडायचा, कुणी फार मोठा हिशोब घातल्यासारखा.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज होऊन गेल्यावर, दिवेलागणीला, घराच्या अंगणातून त्याला बिबट्यानं नेलं. उसाच्या कडेला घर. या भागात घराच्या कडेला ऊस नाही असं घर तरी कुठंय... रीनाला बिबट्या पेपरातून आणि लोकांच्या मोबाइलमधून माहीत होता. बाजारपेठेत राहणाऱ्याला तो तेवढाच माहीत असतो. त्या बातमीखाली मात्र तिला पहिल्यांदा एक आवाज ऐकू आला. मी कवा येऊ. तिनं फोन उलटा ठेवला होता आणि नवरा, हितेश, विचारत राहिला होता की काय झालं, आणि तिला सांगता आलं नव्हतं की आपल्या वर्गातला मुलगा गेला. कारण तो वर्गातला नव्हताच.

कान बसला होता. रीनानं मेंढी खिडकीत वाळत ठेवली आणि वर्गावर गेली.

मागच्या भिंतीपलीकडं सकाळपासून कोयते चालू होते. शाळेला लागून असलेला ऊस आज तोडायला घेतला होता. सप सप असा सारखा आवाज, मध्येच माणसांच्या हाका, ट्रॅक्टरची घरघर. एरवी मुलं खिडकीवर तुटून पडली असती. आज कुणी उठलं नाही. पाढे म्हणता म्हणता मध्येच सगळी एकदम थांबायची, कोयते थांबले की... आणि ते परत सुरू झाले की पाढे पुढं. रीनाच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला राहायचा. हे असं थांबायला कुणी शिकवलं यांना?

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा प्रांजल पहिल्याच दिवशी आली होती, केसांना तेल, वेण्या घट्ट. रडली नाही. पुण्याहून एक समुपदेशक बाई आल्या, मुलांशी खेळल्या, बोलल्या, प्रांजलशी वेगळं बोलल्या आणि जाताना म्हणाल्या, मुलगी सावरतेय, तिला वेळ द्या. वेळ दिला. मग एके सकाळी रांगेत ती जागा दिसली. रीनाला वाटलं, पोरीची सवय आहे, जाईल. पण ती गेली नाही, पसरली. नळावर पाणी पिताना प्रांजलच्या मागचं मूल थोडं थांबून मग पुढं व्हायचं. डब्याच्या वेळी गोल करून बसली की सरकून घ्यायची, आणि तरी गोलात एक फट. कुणी कुणाला काही सांगताना ऐकू यायचं नाही. आणि आपण? खरं बोल, रीना. परवा वह्यांचा गठ्ठा घेऊन मी रांगेच्या आडवी निघाले होते, आणि ती मोकळी वाट समोर असताना मी वळसा घातला. अख्ख्या रांगेला वळसा. वह्या टेबलावर ठेवल्यावर मला ते कळलं.

त्याच दिवशी तिनं शौर्यला उठवलं होतं. धीट पोरगा, पारगावच्या बाजूनं येणारा, कुणाला न भिणारा. "शौर्य, आजपासून तू प्रांजलचा हात धरायचा." तो उड्या मारतच आला. त्या जागेत उभा राहिला, हात पुढं केला... आणि त्याचा चेहरा बदलला. घाबरल्यासारखा नाही. कुणीतरी बोलत असलं आणि आपण मध्येच आलो की होतो तसा, ओशाळा.

"टीचर, हितं मावत नाय."

"मावतं. नीट उभा राहा."

"नाय मावत," तो हळूच म्हणाला आणि बाजूला झाला. त्याची चड्डी ओली झाली होती. प्रांजलनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फक्त तिच्या उजव्या हाताची बोटं आणखी मिटली, पेरं पांढरी पडेपर्यंत.

दुपारी डबे झाल्यावर हॉलमध्ये गोठा मांडायचा होता. हे काम दुसरीचं. मुलं गवत पसरत होती, कुणी चांदणी टांगत होतं, आणि रीना खोक्यातून एकेक मूर्ती काढून देत होती. चार वाजतील. चार वाजता मला ती जागा भरायची आहे. काय म्हणायचं? 'बाळ, आता तो नाही' असं? हे तिच्या घरी कुणी म्हटलं असेल का...

नव्हतं म्हटलं. मागच्या आठवड्यात तिनं तुकाबाईला फाटकाजवळच्या ओट्यावर बसवून विचारलं होतं. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"आमी तिला काय बोलत न्हाई, बाई. काय बोलावं? दोगं हातात हात घालून घरात येत व्हती. मी चुलीपाशी. ते आलं नि पोराला धरलं. हिनं हात सोडला न्हाई. लई वडलं तिनं. पार उसापतुर वडत गेली, पायाची सालटी निगाली. मंग सुटला." तुकाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "फारेस्टवाले आलं, त्यांनी इचारलं, पोरी तू पळाली का न्हाईस. तर म्हनली, टीचरनी सांगितलंय, रांगंत हात सोडायचा न्हाई."

तेच वाक्य रीना रोज सकाळी म्हणत आली होती, रस्ता ओलांडताना, सहलीला, व्हरांड्यात, चालता चालता, दुसरंच काही मनात असताना. त्यानंतर तिनं ते एकदाही म्हटलं नाही. मुलं न सांगताच हात धरत होती.

"टीचर, हे चुकलंय."

प्रांजल होती. सुट्टी संपल्यापासून आपणहून बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य असावं. मुलांनी मेंढ्या एका कडेला ओळीनं उभ्या केल्या होत्या, तोंडं राजांकडं. प्रांजल गुडघ्यांवर बसली. धनगरांची पोर, तिचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, असं तुकाबाई सांगायची.

"मेंढरं अशी न्हाई बसत रात्रीची," ती म्हणाली. "बारक्याला मधी घालत्यात."

तिनं एकेक मेंढी उचलली आणि गोल मांडली, तोंडं बाहेर. मग गव्हाणीतलं बाळ काढलं, फार हलक्या हातानं, आणि त्या गोलाच्या मध्ये गवतावर ठेवलं. मारिया आणि योसेफ लांब राहिले. एक मुलगा म्हणाला, बाळ गव्हाणीतच असतं. पण कुणी ते परत ठेवलं नाही. सिस्टर फिलोमिना दारात होत्या. त्यांनी पाहिलं, ओठ हलले, आणि त्यांनीही ते तसंच राहू दिलं.

रीना खाली वाकली. "मग आता त्याला भीती नाही ना वाटणार?"

"आता न्हाई." प्रांजलनं उजवा हात फ्रॉकला पुसला. दोनदा, तळवा उलटसुलट करून. मग खिडकीशी गेली.

बाहेर कोयते थांबले होते. ऊस संपला होता. इतकी वर्षं ज्या खिडकीतून फक्त हिरवी भिंत दिसायची तिथून आता पार नदीपर्यंत दिसत होतं, खोडक्या, वाळलेलं पाचट, दूरवर ओझरच्या देवळाचा कळस. इतकं रान तिथं होतं तरी कुठं? प्रांजल बराच वेळ पाहत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची मान हळूहळू फिरली. मग ती बाकीच्या मुलींत जाऊन चांदणीचा दोरा ओढायला लागली. मध्येच हसली. रीनानं ते हसू ऐकलं आणि ती दचकली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

घंटा झाली. रीनानं सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, मऊ, सिस्टरना आवडतील अशी. मुलं व्हरांड्यात उभी राहिली. ती रांगेच्या कडेनं मधोमध पोचली, तोंड उघडलं...

प्रांजलनं शौर्यचा हात धरला होता. साधा, घामट, रोजच्यासारखा हात. शौर्यचं लक्षसुद्धा नव्हतं. तो पुढच्या मुलाच्या दप्तराशी खेळत होता. मागची जोडी जवळ सरकून उभी होती. रांग सलग होती.

"चला," रीना म्हणाली, कारण दुसरं म्हणण्यासारखं उरलं नव्हतं.

रांग फाटकाकडं निघाली. कुणी मागं पाहिलं नाही. फाटकात तुकाबाई होती. तिनं नातीचा हात पाहिला, तोंडावर पदर घेतला आणि खालीच बसली. सिस्टर रीनाजवळ आल्या, तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "पाहिलंत? मुलं ऐकतात." रीनाला सांगायचं होतं की मी काहीच सांगितलं नाही. पण सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. चांगलं झालं होतं. सगळ्यांचं चांगलं झालं होतं. हे मनाशी म्हणत ती पर्स घ्यायला वर्गात परत आली.

वर्ग रिकामा होता. बाकं, फळा, फळ्यावर अर्धा राहिलेला पाढा. खिडकीतून तिरकं ऊन आत आलेलं. उशीर होत होता. घरी सासू, गुलाबबाई, सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, आणि सुनेशिवाय ताटावर बसायच्या नाहीत. रीनानं पर्स खांद्याला लावली, बाहेर आली, दाराची कडी धरली.

दार तिनं ओढलं नाही.

थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं की आपण दार उघडं धरून उभ्या आहोत. वर्गातलं शेवटचं मूल दप्तर आवरत असलं की धरतो तसं, पाठ दाराला टेकवून, वाट मोकळी ठेवून. इतके दिवस तिला या जागेची भीती वाटत होती; सकाळी रांग दिसली की ती नजर वळवायची. ती भीती आता शोधूनही सापडेना. सगळे घरी गेले होते. प्रांजल गेली होती, हसत, आणि ते तसंच व्हायला हवं होतं, सात वर्षांच्या पोरीनं आणखी किती ओढायचं... पण हे भैरूला कुणी सांगितलं का? आज हात नाही, हे? मेंढ्या प्लास्टरच्या आहेत, त्यातल्या एकीचा कान मी सकाळी चिकटवलाय, त्या काय राखणार... वेडी आहेस तू, घरी जा. ती स्वतःशी बोलली, तेही अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं. व्हरांड्याच्या टोकाला तोडलेलं रान उघडं पडलं होतं, नदीपर्यंत, कुठं आडोसा म्हणून नाही. ऊन पिवळं होत चाललं होतं. घरचं मूल बाहेर राहिलं की काळजी लागते तशी तिला लागली होती, साधी, रोजची. उजेड अजून होता, तोवर ठीक होतं, पण त्यानंतर एवढ्या उघड्यावर तो एकटा कुठं जाईल, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं.