लाईन आली की सर्व्हर आडवा

अमोल आणि त्याची भागीदार तुबा यांनी अमरावतीत मिळून एक डबी बनवली होती. शेतातल्या मोटारीला ती लावली, की लाईन, म्हणजे वीज, आल्याबरोबर शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप यायचा आणि घरबसल्या मोटार सुरू करता यायची. डबी झकास होती हो, पण मेला तो सर्व्हर! कधी सकाळी, कधी दुपारी, एकाएकी लोड वाढायचा आणि साहेब आडवे. दोघांनी नोंदी चाळल्या, मेमरी वाढवली, काही उपयोग नाही.

"कोणी हल्ला तर करून नाही राहिलं?" तुबानं विचारलं.

"आपल्यावर? आपलं घेऊन कोणाले काय भेटते!"

लोक डब्या परत आणायला लागले होते. दुकान बसलं तर अमोलला पुण्याच्या जुन्या नोकरीवर जावं लागणार होतं, आणि तिथल्या साहेबांनी सोमवारपर्यंत हो का नाही ते विचारलं होतं. पुण्याचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

शनिवारी तो हिवरखेडला जानरावमामांकडे गेला. गावभर डब्या मामांनीच खपवल्या होत्या.

"तुह्या डबीपायी माही इज्जत गेली, अमोल्या," मामा जेवता जेवता म्हणाले. अमोलनं भाकरीचा घास मोडला.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं, "लाईन आली!" डबीवर कोणाचा भरवसा उरला नव्हता; मामा ताटावरून उठले. समोरचे पुंजाजी एकाच पायात चप्पल घालून पळाले. अख्खी गल्ली शेताकडे सुटली, आणि त्याच क्षणी अमोलचा मोबाईल कोकलला: सर्व्हर पडला.

त्याचा घास हातातच राहिला. अरे, डब्याही अशाच धावत असणार! तालुक्यात लाईन आली की सगळ्या डब्या एकदम सर्व्हरच्या दारात 'आली, आली' करत होत्या. लाईनीच्या पाळ्या फिरत्या, म्हणून वेळेचा मेळ लागत नव्हता. 'सगळ्यांत आधी निरोप' ही जाहिरातही त्यांचीच, म्हणून एकही डबी क्षणभर थांबत नव्हती. वऱ्हाडात जन्म गेला आणि एवढं सुचू नये? त्यानं कपाळावर हात मारला आणि एकटाच हसत सुटला.

"तुबा, डब्यांना थोडं थोडं थांबवू," त्यानं फोनवर सांगितलं. "चिठ्ठ्या टाकल्यासारखं. कोणी लगेच बोलेल, कोणी मिनिटभरानं."

"लोक बोंबलतील ना!"

"बोंबलू दे."

संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या डब्यांना तसा हुकूम धाडला. रविवारी लाईन आली, डब्या एकामागून एक बोलल्या, आणि सर्व्हर गारेगार राहिला. तुबानं दुकानात पेढे वाटले.

मग मामांचा फोन आला. "काहून बे, पुंजाजीची मोटर माह्या आधी कशी सुरू झाली?"

"डबी परत देता का, मामा?"

"परत काहून देऊ? मले त्याच्या आधी निरोप पायजे!"

अमोलला इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले. त्यानं लगेच पुण्याला फोन लावला.

"नाही जमणार, सर," तो म्हणाला. "इथं आमचे मामा माझ्यावर लय चिडलेत."