अकरावा बोल्ट

मी हेड बोलतोय. जुन्या मोटारीच्या इंजिनाचं हेड. खाली चार सिलिंडरांत भडके उडतात आणि त्यांच्या डोक्यावर बसून ते दाबून धरायचं, एवढंच माझं काम. बत्तीस वर्षं हेच केलं. आता शिवणाच्या मेजावर, जुन्या चादरीवर उताणा पडलोय. खरं सांगू का, पाठ टेकायला मिळाली ती आत्ता कुठे.

जन्माचं फारसं आठवत नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, भोकं पाडली आणि पोट घासून घासून सपाट केलं. ती सपाटी म्हणजेच माझी अब्रू. ती गेली की पाणी तेलात उतरतं आणि मला कुणी विचारत नाही.

माझी अब्रू दोनदा गेलेली आहे. पहिला मालक डॉक्टर होता. लोकांचा ताप मोजायला त्याला वेळ होता, माझा बघायला नव्हता. रेडिएटर कोरडा पडला, मी तापून वाकडा झालो, आणि लेथवाल्याकडे नेऊन माझं पोट घासावं लागलं. दुसऱ्या मालकीणबाई सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये चढायच्या. पुन्हा ताप, पुन्हा घासणं. प्रत्येक वेळी मी थोडा पातळ होतो, आणि पातळ व्हायलाही मर्यादा असते.

मग मी फिटर काकांकडे आलो. गल्ली त्यांना फिटर काका म्हणते, कारण बसच्या डेपोत त्यांनी उभा जन्म इंजिनं खोलण्यात घालवला. त्यांच्याकडची तेरा वर्षं माझी सुखाची गेली. दर रविवारी बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, तेल बघायचं, आणि इंजिन चालू करून नुसतं ऐकत उभं राहायचं. काकू घरात लोकांचे कपडे शिवतात. त्या खिडकीतून म्हणायच्या, त्या गाडीचं जेवढं ऐकता तेवढं माझं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता. काका तेवढंच नेमकं ऐकायचे नाहीत.

पुढे काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी कडेचं दिसेना, मग हळूहळू सगळंच आवळत आलं. आता नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं. गाडी काकू चालवायला लागल्या. चांगली चालवतात, उगाच नावं ठेवणार नाही. पण गेल्या महिन्यात चढावर पाण्याचा पाइप फुटला, आणि घर आलंच की म्हणून त्यांनी तशीच रेटली. घर आलं, पण मी कामातून गेलो. मागून पांढरा धूर, आणि तेल दुधाळ.

मुलीचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. ती म्हणाली, आई, देऊन टाक ती भंगारात, बाबांना आता काही दिसत नाही, तू कुठे त्या लोखंडाच्या नादी लागतेस. काका शेजारीच खुर्चीत बसले होते.

"हेड मी उतरवणार. घरीच," फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "नाही जमलं तर गाडी जाऊ दे आणि माझी हत्यारांची पेटीही जाऊ दे."

काकूंनी ओळखलं. हे जमलं नाही तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि काय धरायचं ते सांगा म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दारातल्या पत्र्याखाली काम सुरू झालं. बॅटरीची तार काढली, पाणी बादलीत सोडलं. काका बोटांनी चाचपायचे, काकू डोळ्यांनी बघायच्या. काका सांगत नव्हते, हुकूम सोडत होते. काकूंचं म्हणणं एकच, जे उसवायचं ते परत शिवायचंही असतं. म्हणून काढलेल्या प्रत्येक नळीला आणि ती जिथून निघाली त्या टोकाला त्यांनी एकाच रंगाची चिंधी बांधली. माझ्या अंगावर एवढे रंग कधी चढले नव्हते. आतली साखळी घसरून इंजिनात पडू नये म्हणून ती वर बांधून ठेवावी लागते. काकांनी तार मागितली, काकूंनी परकराची नाडी आणली. काकांनी गाठ चाचपून बघितली. गाठ पक्की होती, पण तसं म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

मग माझे बोल्ट. ते बाहेरून आत, आलटूनपालटून, थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर मी वाकतो. काकूंनी पुठ्ठ्यावर माझा आकार बेतला, त्याला भोकं पाडली आणि निघालेला बोल्ट आपापल्या भोकात खोचत गेल्या. दहा भोकं, दहा बोल्ट.

झालं, उचल आता, काका म्हणाले. दोघांनी जोर लावला. मी जागचा हललो नाही.

हलणार कसा? दहा मोठे बोल्ट निघाले होते, पण पुढच्या बाजूला, साखळीच्या खोबणीत, करंगळीएवढा अकरावा बोल्ट होता. काळ्या तेलाच्या गाळाखाली पार बुडालेला. काकांनी या जातीची पाचसहा हेडं उतरवलेली, तो बोल्ट त्यांना पाठ होता. त्या दिवशी तो त्यांच्या डोक्यातून साफ निसटला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही, आणि असतं तरी त्या घाईत माझं कुणी ऐकलं असतं?

लाकडी हातोडीने ठोकून झालं. काकूंनी एक बाजू उचलून बघितली, मग दुसरी. दुपार कलली. काकांना धाप लागली, आणि धाप लागली की ते चिडतात. त्यांनी मोठा स्क्रू ड्रायव्हर मागितला. डेपोत कुणी हेडच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला की काका त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत. आज त्यांनी स्वतः घातला. पातं घुसलं, करकरलं, आणि माझ्या पोटाच्या कडेला खोल ओरखडा पडला. फार दुखलं. काकांना तो आवाज ओळखीचा होता. त्यांचा हात तिथेच थांबला.

"संपलं," ते म्हणाले. "भंगारवाल्याला बोलाव. आम्हा दोघांना एकदमच घेऊन जाऊ दे."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एक चिंधी उचलली, टॉर्च लावला.

"शिवण निघत नाही ना, तेव्हा कुठेतरी एक टाका राहिलेला असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढू नका. मला बघू द्या."

कडेकडेने त्या मला पुसत गेल्या. मागून पुढे, एकेक खाच, एकेक कोपरा. शर्टाची कॉलर उसवायला घेतात तशाच सवडीने. साखळीच्या खोबणीत चिंधी अडकली. त्यांनी बोट घालून गाळ काढला आणि म्हणाल्या, अहो, इथे एक बोल्ट आहे.

काका स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अकरावा," ते पुटपुटले. "डोळे गेले ते सोसलं गं. पण हा कसा विसरलो मी?"

समजूत घालायच्या भानगडीत काकू पडल्या नाहीत. पाना त्यांच्या हातात दिला, मनगट धरून नेमका बोल्टावर टेकवला आणि म्हणाल्या, "बघायचं मी बघते. काढायचा तुम्हीच."

तो चार फेऱ्यांत निघाला. मग दोघांनी मला थोडं डोलवलं, आणि इतकी वर्षं चिकटलेला मी सुटलो.

आज लेथवाला येऊन गेला. माझ्यावर पट्टी ठेवून उजेडात बघितलं. ओरखडा निघेल म्हणाला, पण हे घासणं शेवटचं, यानंतर याला खोलू नका. खरं सांगतो, मला भंगारही चाललं असतं. कुठेतरी एकदाचं वितळून पडावं, असं आतून वाटत होतं. एवढ्यात मुलीचा फोन आला, आणि या वेळी तो काकांनी घेतला.

"हेड उतरलं," ते म्हणाले. "एक बोल्ट मी विसरलो होतो. तुझ्या आईला सापडला."

शनिवारचं ते पुटपुटणं सोडलं तर तेरा वर्षांत या माणसाच्या तोंडून 'मी विसरलो' असं कधी निघालं नव्हतं. काकूंचं मशीन मध्येच थांबलं. फोन ठेवून काकांनी पुठ्ठा मागून घेतला आणि चाचपत चाचपत त्यावर स्वतःच्या हाताने अकरावं भोक पाडलं. ते चांगलंच वाकडं झालं. काकूंनी तो बोल्ट त्यात खोचून दिला.

तेव्हा ठीक आहे, आणखी एकदा सोलून घेईन म्हणतो. तुमच्याकडेही जुनं झालेलं काही असेल, कुणी असेल. अडून बसलं तर लगेच पातं घालू नका, आधी एकदा पुसून बघा. उद्या मला लेथवर न्यायचंय. तोवर जरा पडतो.