लेन्सचा चष्मा

विनताने डब्यातून काचेची गोल चकती काढली, मऊ कापडाने पुसली आणि लेन्सच्या तोंडावर फिरवून घट्ट बसवली. समोर खुर्चीत बसलेली तिची आजी, शेवंताबाई, पदर नीट करता करता थांबली.

"हे काय घालून राहिली वं त्याले?"

"डायॉप्टर आहे, आजी!" विनता मोठ्याने म्हणाली. गेलं वर्षभर आजीशी सगळं घर मोठ्यानेच बोलत होतं. "ये लेन्स सिर्फ दूर का देखती है. जवळचं नाही दिसत तिला. म्हणून हा चष्मा!"

कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसलेले विनताचे आजोबा, आबा, काहीतरी पुटपुटले. आजी खुर्चीतून पुढे झुकली, पार त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

"काय म्हणता?"

"म्हणलं, लेन्स आपल्याच वयाची दिसते."

आजी हसली आणि मग मागे टेकली.

लेन्स खरोखरच जुनी होती. विनताने ती नागपूरच्या एका मैत्रिणीकडून हातापाया पडून आणली होती. ॲनामॉर्फिक म्हणतात तिला. समोरचं रुंद चित्र ती दोन्ही बाजूंनी दाबून आत घेते, आणि नंतर ते उलगडावं लागतं. उलगडण्याआधी आजीने स्वतःला छोट्या पडद्यावर पाहिलं होतं, लांबुळकी आणि सडपातळ, आणि म्हणाली होती, "एवढी बारीक तर मी लग्नातही नव्हती." विनताने बटण दाबून चित्र उलगडलं, तेव्हा आजीचं तोंड पडलं. "राहू दे बाई, पहिलंच बरं होतं."

उद्या सगळेच नागपूरला निघणार होते. लेन्स मैत्रिणीकडे जाणार होती आणि आबा दवाखान्यात. त्यांच्या घशात गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागेल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. विनताच्या वडिलांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजय नगरच्या आपल्या घरी बसून तिकिटं, खोली, पैसे, सगळं जमवलं होतं. आवाजाचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचत नव्हतं. पुण्याला सिनेमा शिकून आलेल्या विनताला एवढंच सुचलं, की तो टिपून ठेवावा.

कारण आबा, सुखराम मेश्राम, म्हणजे रांझीचा, या अख्ख्या वस्तीचा आवाज होता. कारखान्याची पाळी संपली की हा माणूस सायकलवरून थेट माइकपाशी. जयंतीची मिरवणूक, पोलिओचा डोस, नळाला पाणी न येण्याचा दिवस, हरवलेलं पोर, सगळं त्यांच्याच तोंडून रांझीला कळायचं. भोंगा बिघडला तरी अडत नसे, असं लोक म्हणत, आणि त्यात फार खोटं नव्हतं. आता त्या आवाजातलं उरलं होतं ते पंक्चर ट्यूबमधून निघते तेवढी हवा.

"माह्या तोंडात काय पाहाचं?" फिल्मचं ऐकल्यावर आबा म्हणाले होते. "आवाज माहा घे, तोंड तिचं घे." विनताला ते एकदम पटलं. फिल्मचा शेवट तोच: आबांचा आवाज आणि ऐकणाऱ्या आजीचा चेहरा, अगदी जवळून. आजचा एक दिवस हातात होता, आणि त्यातली सकाळ तर वाया गेली होती.

वाया जाण्याचं कारण आजी. चष्मा घातल्यावर त्या लेन्सला जवळचं दिसू लागलं खरं, पण तळहाताच्या जाडीएवढंच. त्याच्या पुढचं धूसर, मागचंही धूसर. आजी टेकून बसली की चेहरा लख्ख दिसायचा. आबांनी तोंड उघडलं की ती वीतभर पुढे झुकायची आणि चेहऱ्याचं पिठलं व्हायचं. तिच्याबरोबर फोकस सरकवावा, तर त्या जुन्या लेन्सला दोन रिंगा एकदम फिरवाव्या लागत, आणि विनता एकटी.

"आजी, झुकायचं नाही!"

"नाही झुकत."

आबा बोलू लागले. आजी झुकली.

"आजी!"

"अवो बाप्पा, आपोआप होते ते."

"तिच्यावर काहून चिडून राहिली?" आबा म्हणाले. त्यांच्या कॉलरला लावलेल्या बारक्या माइकमुळे त्यांचा शब्द न् शब्द विनताच्या हेडफोनमध्ये येत होता. "हिचे कान गेले ना. माहा आवाज आता जाईन, हिचे कान मागल्या वर्षीच गेले. जोडी जमली." ते स्वतःच हसले आणि हसताना खोकल्याची उबळ आली. तोंडावर रुमाल धरून ते अंगणात गेले. हेडफोनमध्ये त्यांचा खोकला दूर न जाता तसाच कानाशी राहिला.

विनताने एक कान मोकळा केला आणि छोट्या पडद्यावर तो तुकडा पुन्हा पाहिला. आबा बोलतात, आजी विरघळते. तिने कपाळावर हात मारला आणि स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "फिर चली गई, यार."

"कुठी गेली? इथेच तर बसून हावो मी."

विनताने मान वर केली. पंखा खडखडत होता. आपलं बोलणं आपल्यालाही धड ऐकू आलं नव्हतं, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. आजीच्याही आलं असावं. तिने आधी दाराकडे पाहिलं.

"आहेत ना ते अंगणात?"

विनताने हेडफोन दाबून ऐकलं आणि मान हलवली.

"आजी, तुला ऐकू येतं?"

"हळू बोल." आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "मागल्या वर्षी पाणी मागून राहिले होते. मी त्या खोलीत. किती डाव मागतलं, काय माहीत. मले नाही आलं ऐकू. मग उठून आले, चेहरा लाल. म्हणे, बहिरी झाली काय? आता ज्या माणसाचा आवाज पुऱ्या मैदानाले पुरत होता, त्याले कसं सांगू, का तुमचा आवाज त्या खोलीतून या खोलीत नाही आला? म्हटलं, हाव. कान कमी झाले माहे."

"मग?"

"मग काय, झाली बहिरी. जवळ जाऊन ऐकते. त्याईले जोर लावा लागत नाही."

"हमको तो बताती ना! सालभर सगळे तुझ्याशी ओरडून बोलतात."

"तेच तर!" आजी एकदम कळवळून म्हणाली. "बाकीच्याईचं काही नाही वं, पण तुह्या बापानं फोन केला का डोकं दुखते माहं."

विनताला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. ही बाई तिला कायम साधी वाटत आली होती. आत्ता तिला उठून या बाईच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. ते तिने केलं नाही, कारण अंगणातून चपलांचा आवाज आला. तिने जमिनीवर चिकटवलेल्या खुणेच्या पट्टीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याची तिपाई उचलली आणि वीतभर मागे नेऊन ठेवली. आबांचं स्टूल होतं तिथेच राहू दिलं. पडद्यावर खुर्चीत टेकलेली आजी आता धूसर दिसत होती.

"आजी!" आबा येऊन बसल्यावर ती पुन्हा मोठ्याने म्हणाली. "आता झुकलीस तरी चालेल!"

"पाहा हिचं. सकाळपासून झुकू नको, झुकू नको, अन् आता झुक म्हणते."

"काय बोलू?" आबांनी विचारलं.

"काहीही, आबा. तिला सांगायचं असेल ते."

 आबांनी जुन्या सवयीने माइक धरल्यासारखी मूठ तोंडासमोर धरली.

"एक सूचना है," ते म्हणाले. हेडफोनमध्ये नुसता श्वास आणि त्यावर टांगलेले शब्द. "हरी साड़ी वाली बहनजी ध्यान दें. आपकी एक चप्पल मंच के पास छूट गई है."

पडद्यावर एक धूसर गोळा हलला. तो पुढे येऊ लागला, आणि येता येता त्याला नाकातली फुली आली, मग गालावरच्या बारीक रेषा, मग पापण्यांतले पांढरे केस. लेन्सच्या त्या तळहाताच्या जाडीएवढ्या जागेत आजी येऊन थांबली. ती लाजली होती.

"दोन्ही चपला पायातच होत्या माह्या," ती म्हणाली.

"मले दिसत होतं."

"साऱ्या जयंतीच्या गर्दीत मागे वळून पाहाले लावलं मले. अन् बहनजी म्हणे!"

"माइकवरून दुसरं काय म्हणतात?"

विनता 'कट' म्हणायचं विसरली. तिने बाहीने डोळे पुसले आणि कॅमेरा चालू राहिला. शेवटी आजीच म्हणाली की चहा टाकते, आणि उठून गेली.

स्वयंपाकघरात भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर कुठेतरी, दोन गल्ल्या सोडून, भाजीवाल्याची अस्पष्ट हाक आली. विनताने ती ऐकली न ऐकली, तोच आजी पिशवी घेऊन दारात.

"उद्याच्या डब्याले मिरच्या घेऊन येते. चहा पाहाजो वं," असं म्हणत ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

आबा फाटकाकडे पाहत राहिले. त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

"बहिऱ्या बाईले भाजीवाला बरोबर ऐकू येते," ते म्हणाले.

विनता लेन्स पुसू लागली. आजीचं गुपित तिने जेमतेम तासभर सांभाळलं होतं, ते इथेच सांडायचं नव्हतं.

"मले पहिल्याच महिन्यात समजलं," आबा म्हणाले.

"मग बोलले काहून नाही, आबा?"

"जवळ येते ना ती." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "पहिले कधी नाही आली. जरूरतच नव्हती. मी रस्त्यावरून हाक मारत होतो, ती चुलीपासून उत्तर देत होती. आता दिवसातून कितीक डाव जवळ येते. केसाले लावलेल्या तेलाचा वास येते." त्यांनी घशावरून हात फिरवला. "आवाज गेला तर जाऊ दे. वाजवला खूप. पण आवाजच नाही म्हटल्यावर ती काहून येईन जवळ? ऐकाले काय राहीन?"

 आपण काय टिपून ठेवलं आणि काय जाणार आहे, याचा हिशेब विनताकडून चुकला होता. चहा वर आला, तो उतरवायला ती उठली.

आजी मिरच्या घेऊन आली. तिघांनी चहा घेतला. मग विनताने तिपाईवरचा छोटा पडदा त्या दोघांकडे वळवला आणि आत्ताचा तुकडा लावला. पडद्याला आवाज नव्हता, आणि हेडफोन एकच, तो विनताच्या कानांवर होता, आबांच्या माइकला जोडलेला. दोघं शेजारी शेजारी बसून मुकाट पाहू लागली. एक धूसर बाई खुर्चीत बसलेली. मग ती पुढे आली आणि स्वच्छ दिसू लागली.

"हे मी?" आजी म्हणाली. "बरी दिसून राहिली."

आबा पडद्याकडे पाहत नव्हते. त्यांनी एकदा विनताकडे पाहिलं, मग आजीकडे वळले आणि ओठ हलवले.

विनताने हेडफोन कानांवर दाबून धरला. माइक चालू होता. पंख्याची खडखड येत होती, कॉलरची सळसळ येत होती. त्यापलीकडे काहीही नव्हतं. श्वाससुद्धा नव्हता.

आजीने कप खाली ठेवला आणि झुकली. इतकी, की तिचं कपाळ आबांच्या गालाला लागलं. या वेळी कान पुढे केला नव्हता. ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

आबांनी पुन्हा ओठ हलवले, तसेच, बिनआवाजाचे.

आजीने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"पाहा वं विनू," ती म्हणाली, "या वयात मले बहनजी म्हणून राहिले."

आणि ती मागे सरकली नाही.