वाऱ्याला उभे राहणे

सोमवारी सकाळी पोटनिसांच्या घरातली हवा संपली. चारुलताला ते दुधावरून कळले: न तापवताच ते उकळले आणि उकळता उकळता गोठले.

दोष तिचाच होता. नवरा पद्माकर जेवणाच्या टेबलाशी बसून टाच खरवडत असे. रविवारी ती भुकटी काकडीच्या कोशिंबिरीवर पडली, आणि ती म्हणाली, "यापुढे तुझ्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही." प्रयोगशाळेत एकेक शब्द मोजून वापरणारी बाई घरात बेसावध बोलली, ते शब्दशः मान्य झाले.

उरला तो सूर्याचा वारा. चंद्रावर हवा नाही, पण वारा आहे, असे ती वीस वर्षे शिकवत आली होती: हायड्रोजनची अणुकेंद्रके सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येतात आणि उघड्या मातीत रुततात. खिडकीच्या काचेने त्यांना अडवायला हवे होते. अडवले नाही.

पद्माकर खिडकीकडे पाठ करून बसे. बुधवारपर्यंत पाठ काळवंडली, तिच्यावर काचेरी साय धरली. रुतलेला हायड्रोजन त्याच्यातल्या ऑक्सिजनला धरून पाण्यासारखे काहीतरी बनवी. ते मानेवर चिकट थेंबांनी साचे. बाकीचा पद्माकर कणाकणाने उडे आणि चमच्यांवर, तिच्या पापण्यांवर, जिभेवर बसे. चव शिळ्या तुपाची होती.

हवेवाचून आवाज जात नाही. बोलायचे तर दोघांना एकदमच टेबलाला दात टेकवावे लागत.

"खिडकीतून सरक," ती लाकडातून म्हणाली.

"सरकलो तर तुझ्यावर येईल." थोड्या वेळाने तो म्हणाला, "टाच आता खरवडावी लागत नाही बघ. आपसूक जाते."

तो हसला, तेव्हा कानाची पाळी भुकटी होऊन टेबलावर सांडली.

म्हणजे ती चार दिवस त्याच्या सावलीत बसली होती. वाऱ्याला तो उभा होता.

शब्द मागे घेतला तर हवा परतेल, असे तिचे अनुमान होते, पुरावा नव्हता. मात्र तो शब्द त्याला ऐकू जायला हवा होता, आणि शुक्रवारी त्याचे दात उरले नव्हते. आता हाडालाच दात टेकवणे आले. दोनदा ती उठली, दोनदा ओकारी दाबत परत बसली.

तिसऱ्यांदा तिने त्याच्या ओलसर कपाळावर दात टेकवले.

"उभी राहीन," ती म्हणाली.

कपाळ भातातल्या खड्यासारखे कचकले आणि तिचे तोंड भरले. पद्माकर होता तिथून ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर आले. तिने तोंड मिटून घेतले.