भोंगा सांगतो : मी घेतलेली नावं

मी भोंगा बोलतोय. हातात धरून बोलायचा, पांढरा, तोंडाला लाल काठ असलेला. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगितलं, आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय. पोटात सहा सेल आहेत, तेही अर्धेमुर्धे. म्हणून पाल्हाळ लावणार नाही. निदान तसं ठरवलंय तरी.

कारखान्यातून निघालो तो थेट शाळेत आलो, खेळाच्या सरांच्या हातात. "रेषेच्या मागे उभे राहा" हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेन, देव जाणे. एकदा सरांच्या हातून पायरीवर पडलो, तेव्हाचा पोचा अजून काठावर आहे. सर निवृत्त झाले, मला घरी घेऊन आले, दोन वर्षांनी गेलेही. मग त्यांच्या बायकोनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत उपडा ठेवला आणि माझ्या डोक्यावर लसणाची टोपली. मान म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून.

खिडकी मात्र झकास होती. समोर शिंपीकाकांचं दुकान, बाजूला नळ. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं मला कळायचं. चोंबडा म्हणा हवं तर. पण कान दिल्याशिवाय माणसं कळत नाहीत, असं माझं मत.

सरांची बायको म्हणजे आमच्या नर्सबाई. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत त्यांनी बावीस वर्षं काढली. अर्धी गल्ली त्यांच्याच हातांवर पहिल्यांदा रडली. ती खोली बंद करून जागा गोदामाला द्यायची, असा ठराव विधिमंडळात यायचा होता. पुढचा दवाखाना तीन तासांवर. आदल्या वर्षी खोली दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होती, तेव्हा एक बाई ट्रकमध्येच मोकळी झाली होती. बाळ वाचलं नाही. त्या दिवशी नर्सबाई घरी आल्या, चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी बघत बसल्या. निवडणूक लागली तेव्हा सुट्टी टाकली, अर्ज भरला आणि लसणाची टोपली खाली ठेवून मला पुसलं.

आमच्या प्रचाराची एक रीत होती, बाईंनीच घातलेली. ज्यानं मदत दिली त्याचं नाव त्याच संध्याकाळी नाक्यावर माझ्या तोंडून घ्यायचं. "नळाशेजारच्या आजी, तुमची मदत पोचली." किती दिले ते सांगायचं नाही, फक्त नाव. म्हाताऱ्या नाव ऐकायला खुर्च्या घेऊन यायच्या. शिंपीकाका तर म्हणाले, "बाई, माझं जरा सावकाश घ्या. बायको आत भांडी घासतेय, तिलाही ऐकू जाऊ दे."

समोरचा उमेदवार गोदामवाला. त्याला पैसा आमच्या मतदारसंघातून आलाच नाही. लांबच्या शहरांतून आला, ज्यांना गोदाम हवं होतं त्यांच्याकडून. रातोरात भिंती भरल्या. आमचे कागद खळीनं चिकटवलेले, सकाळी गाई खाऊन मोकळ्या.

मग बाईंचा धाकटा भाऊ एक यादी घेऊन आला. बाहेरगावची एकसष्ट माणसं. कुठल्याशा बातमीत बाईंबद्दल वाचून त्यांनी पैसे पाठवले होते. बरी माणसं असावीत. पण आमच्या दवाखान्याचं दारही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

"ताई, घे. नाहीतर आपण हरतोय."

"घेते. पण नावं वाचणार."

"वेडी आहेस का? तो वाचतो का त्याची?"

"तो गोदाम बांधतो. मी पण बांधू?"

भावानं कपाळावर हात मारला. "तू हरलीस तर खोली जाईल, ताई. नाव नाही घेतलं तर काय जाईल?"

बाईंनी यादी घडी घालून पिशवीत ठेवली. मला त्या वेळी बोलता आलं असतं तर मीही भावाचीच बाजू घेतली असती. खोटं कशाला सांगू.

मतदानाच्या चार दिवस आधी बाईंनी नाक्यावर ती यादी वाचली. एकसष्ट नावं, पुढे गावं. कोणी ऐकलेलीही नव्हती ती गावं. दहाव्या नावाला खुर्च्या कुरकुरल्या. विसाव्याला नळाशेजारच्या आजींनी खुर्ची उचलली. बाई वाचत राहिल्या, मी ओरडत राहिलो. माझा आवाज एवढा खणखणीत कधीच नव्हता. ते नवे सेलही त्याच पैशांतले.

शेवटी शिंपीकाका तेवढे उरले. "एवढी मोठी माणसं पाठीशी आहेत म्हटल्यावर," ते म्हणाले, "आमच्या चिल्लरीचं काय लोणचं घालता?"

"काका, चिल्लर तुमचीच आधी होती."

"होती ना. आता बाई परक्यांच्या झाल्या." आणि त्यांनी दुकानाची फळी ओढली.

गोदामवाल्यानं एकही नाव घेतलं नाही, म्हणून त्याचा पैसा कोणाला दिसला नाही. बाईंनी सगळी घेतली, म्हणून त्यांचाच तेवढा दिसला. एकतीस मतांनी हरलो. शिंपीकाकांच्या घरात मतं पाच. मतदानाच्या दिवशी त्यांच्या घराला दिवसभर कडी होती, मी खिडकीतून पाहिलं.

ती नावं माझ्या तोंडून गेली, हे मला विसरता येत नाही. त्याच वेळी घसा बसला असता तर? पण मग बाई बाई राहिल्या असत्या का? हे मला अजून सुटलेलं नाही.

ठराव मंजूर झाला आणि परवा दवाखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. उद्या सकाळी नऊला बाळंतपणाच्या खोलीला कुलूप.

आज दुपारी शिंपीकाका आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मुठीत सेल होते, दोन टॉर्चमधले, चार जुन्या रेडिओतले.

"सुनेला नववा लागलाय," ते म्हणाले.

"माहीत आहे काका. मीच तपासते तिला."

"मी मत दिलं नाही, बाई."

"तेही माहीत आहे. आत या."

काका आत आले. बाईंनी वही काढली. आमच्या भागात या घडीला दिवस गेलेल्या बाया चौदा. सेल काकांनी स्वतः बसवले, दोन उलटे बसले, परत काढले.

आता आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी उभे आहोत. बाई, काका आणि मी. समोर कोणी नाही, एक झाडूवाला तेवढा थांबून बघतोय. बाईंनी मला तोंडाशी धरलंय. रीत तीच, नावं घ्यायची. पहिलं नाव काकांच्या सुनेचं.

ऐकणाऱ्यांनो, आमच्यावर रागावायचं ते नंतर रागवा. उद्या नऊच्या आत या फाटकाशी या, नुसते उभे राहा. सेल जुने आहेत, चौदाव्या नावापर्यंत मला दम पुरेल असं वाटत नाही. माझा आवाज मध्येच गेला तर पुढची नावं तुम्ही घ्या. या वेळी परकं एकही नाही.