पहिल्या तांब्याचे गाणे

"गार पाण्याची अंघोळ आजपासून बंद," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा चावीवाल्यांच्या वाट्याला सगळा फायदाच येत होता. एक तर छाती वाचत होती. दुसरे म्हणजे, हिवाळ्यातले जे सुख घरातल्या बाकी सगळ्यांना बिनबोभाट मिळत आले होते, ते बादलीवर वाकले की तोंडावर येणाऱ्या वाफेचे सुख त्यांनाही मिळणार होते. आणि तेही हुकमावरून, म्हणजे मागण्याची लाज नाही. तोट्याच्या बाजूला होता तो फक्त गल्लीतला दबदबा. चावीवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि तोट्याची बाजू घेतली.

"मला सवय आहे डॉक्टर. गारच लागतं."

"न्यूमोनियाला तुमची सवय कोणी सांगितली नसेल," डॉक्टर म्हणाले. "ऊन पाणी. डोक्यावरून नको. अंगावर घ्या, पुसा, बाहेर या."

शेजारच्या खुर्चीवर चावीवाल्यांची बायको बसली होती. तिने औषधाची चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली. "घरात माझं ऐकत नाहीत. तुम्ही कागदावर लिहून द्या, मी न्हाणीघराच्या दारावर चिकटवते."

चावीवाले म्हणजे कुलपांच्या किल्ल्या करणारे नव्हेत. पाणीपुरवठा खात्यात पहाटे रस्त्याच्या कडेची लोखंडी झाकणे उचलून लांब दांड्याच्या चावीने पाणी सोडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचे काम. एका गल्लीला सोडायचे, दुसरीचे तोडायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी नळाला पाणी उशिरा आले की लोक अजून त्यांच्याच दाराकडे रागाने बघत. पण हिवाळा सुरू झाला की तेच लोक आदराने बघत. कारण चावीवाले कडाक्याच्या थंडीत गार पाण्याने अंघोळ करत आणि ती करताना गात.

गात म्हणजे अशी तान घेत की समोरच्या घरातले पाखरू पिंजऱ्यात दचकावे. नात त्यांना थंडोबा म्हणे आणि त्या तानेला थंडोबांचा रियाज. सकाळी ओसरीच्या पायरीवर उन्हात बसून थंडोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला उपदेश करत. "रक्त पळतं. भूक लागते. कातडी ढिली पडत नाही." एका निवृत्त मास्तरांनी ते मनावर घेतले आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण धरले. त्यावर चावीवाल्यांचे म्हणणे असे की मास्तरांना गाता येत नाही, त्याला गार पाणी काय करणार.

खरी गोष्ट अशी होती की चावीवाल्यांना गार पाण्याचा मनापासून तिटकारा होता.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा घरात गीझर नव्हता. स्टोव्हवर एक मोठे पातेले तापे, त्यात म्हातारी आई आणि मुले उरकत. चावीवाले पहाटेची फेरी संपवून बोटे बधिर होऊन घरी येत, तोवर पातेले रिकामे. मग बायको त्यांच्यासाठी दुसरे चढवी आणि फडक्याने धरून न्हाणीत नेऊन ओती. एका सकाळी ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. उकळते पाणी डाव्या पावलावर आले. तो सबंध हिवाळा ती भिंतीला धरून चालली, आणि कातडी भरून आली ती वेगळ्या रंगाची, चुरगळलेल्या कागदासारखी.

ती पुन्हा स्टोव्हपाशी उभी राहिली त्या दिवशी तिने सवयीने दुसरे पातेले भरले. चावीवाल्यांनी ते उतरवून ठेवले.

"मला गारच आवडतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"तू विचारलंस कुठे?"

आणि ते न्हाणीत गेले. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघाले ती किंकाळी होती. बाहेर बायको उभी आहे हे ऐन वेळी आठवले, म्हणून त्यांनी तिला चाल लावली. पुढे सगळ्या हिवाळ्यांत तीच चाल चालली. दुसऱ्या तांब्यापर्यंत अंग मुके होई, मग गायची गरज उरत नसे. पण रियाज पहिल्या तांब्यापुरताच का, हे कधी कोणाच्या डोक्यात आले नाही.

नंतर गीझर आला, तोवर थंडोबांचे नाव झाले होते. शिवाय गीझरचेही एक गणित होते. नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ येई. तेवढ्या वेळात त्यातून जेमतेम चार बादल्या ऊन पाणी निघे. नळ गेला की गीझर म्हणजे भिंतीवरची शोभा. मग पिंपात रात्रभर गारठलेले पाणी काय ते उरे. घरात माणसे पाच. नात, मुलगा, बायको, सून यांच्या चार बादल्या, आणि पाचवे थंडोबा. हिशेब इतका चपखल बसला होता की तो कोणी मांडलाच नाही.

डॉक्टरकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी चावीवाले न्हाणीत गेले ते येईनात. गाणे नाही, खोकला नाही. ते पाटावर बसून पहिला तांब्या हळूच खांद्यावरून सोडत होते. पाणी पाठीवरून उतरले आणि जिथे जिथे गेले तिथे तिथे त्यांना कळले की इथे आपले अंग आहे. मानेमागे कुठेतरी एक गाठ होती, ती सुटली. बाहेर पिंपळाची पाने थंडीने गळत होती, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, आणि चावीवाल्यांनी त्या वाफेवर बोटाने उगाच एक रेघ ओढली.

"आबा, झोपलात का?" नातीने दार वाजवले.

"आलो, आलो."

बाहेर आले ते लालबुंद. "ठीक आहे," त्यांनी जाहीर केले. "औषध म्हणून चालेल."

"औषध इतका वेळ कोण घेतं?" बायको म्हणाली.

सून दारामागे टॉवेल घेऊन उभी होती. औषधांच्या दुकानात काउंटरवर ती काम करी, आणि चावीवाल्यांच्या गोळ्या तिच्याच हातून येत. "बाबा, रंग बघा तुमचा. आमच्याकडचं टॉनिक फुकट गेलं म्हणायचं." असे म्हणून ती हसत आत गेली.

पुढचे काही दिवस चावीवाल्यांचे फार बरे गेले. अंघोळ करून ते पायरीवर येत. ऊन आधी समोरच्या भिंतीवर उतरे, मग रस्त्यावर, मग त्यांच्या चपलांवर. रस्त्याकडेच्या व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणापाशी पाणी झिरपून डबके झाले होते, त्यात दोन चिमण्या रोज अंघोळीला येत. डुबकी मारायच्या, अंग झाडायच्या, फुगून चेंडूसारख्या व्हायच्या, आणि पुन्हा डुबकी.

"यांना पण लहानपणापासून आवडतं वाटतं," बायको चहाचा कप देत म्हणाली.

चावीवाले हसले नाहीत. त्यांनी नुसता चहा घेतला. गल्लीतल्या लोकांना त्यांनी सांगून ठेवले होते की हे तात्पुरते आहे.

रविवारची सकाळ होती. नात आणि मुलगा उरकून बसले होते, मुलगा पेपर वाचत होता. बायकोची अंघोळ झाली, चावीवाल्यांची झाली. नळ फुसफुसून बंद झाला. सून आत गेली, कडी लागली, पिंपाचे झाकण वाजले, आणि मग एक तान आली.

ती चढी होती, जराशी बेसूर होती आणि एकदम तुटली.

"आयला," मुलगा पेपरमागून म्हणाला, "ही गायला लागली. परवा पण गात होती. बाबा, तुमची गादी चालवणार ही."

थोड्या वेळाने सून बाहेर आली. ओठ निळसर, बोटांची टोके पांढरी. "काय तरतरी येते हो, बाबा," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं. मला तर आता ऊन पाणी नकोच वाटतं."

"कधीपासून?" चावीवाल्यांनी विचारले.

"मला आधीपासूनच आवडतं," सून म्हणाली आणि केस पुसत खोलीत गेली.

इतकी वर्षे त्यांनी गल्लीला उपदेश केला होता आणि एक शिष्य टिकला नव्हता. आता मिळाला तो असा. चावीवाले हातातल्या कपाकडे बघत बसले. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. ती काय सांगेल ते त्यांना पाठ होते. उद्यापासून आपण परत पिंपावर जावे, तर डॉक्टर, बायको आणि स्वतः सून, तिघेही आडवे येतील. आणि छातीतली घरघर अजून पुरती गेलेली नव्हती, हेही त्यांना ठाऊक होते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मान्य करणे अवघड होते. त्यांना परत जायचेच नव्हते. ऊन पाणी त्यांना फार आवडले होते.

मुलगा नातीला घेऊन बाहेर गेला. बायको पायरीवर त्यांच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ ती डबक्यातल्या चिमण्या बघत होती.

"पहिल्या तांब्यालाच गाते," ती म्हणाली. "दुसऱ्याला नाही."

"हं."

"तुम्ही पण पहिल्यालाच गायचात."

चावीवाल्यांनी शाल नीट केली. शाल नीटच होती.

बायकोने डावे पाऊल पातळाखाली ओढून घेतले. "याच्यासाठी?"

"गार पाणी चांगलं असतं," चावीवाले म्हणाले. "रक्त पळतं."

"अहो, इतकी वर्षं मी जगाला सांगत आले, माझा नवरा चक्रम आहे म्हणून."

"ते खरंच आहे."

"गप्प बसा." तिने पदराने नाक पुसले आणि ते थंडीमुळे आहे असे दाखवले. "मला कळायला नको होतं? न्हाणीच्या दाराला कान लावून उभी असायची मी. वाटायचं, किती आनंदात आहेत."

"मग झालं तर."

"काय झालं तर? आता ती पोरगी गातेय ना."

ऊन त्यांच्या पायांपर्यंत आले होते.  मग बायकोने नेहमीच्या, भाजी निवडताना असतो तशा आवाजात विचारले, "तुम्हाला अंगावर घ्यायला सबंध बादली लागते का हो? डॉक्टरांनी डोक्यावरून नको सांगितलंय."

चावीवाल्यांनी तिच्याकडे बघितले. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसरे केले तरी काय होते. एकाचे थोडे तोडायचे, दुसऱ्याला थोडे सोडायचे.

"अर्धी पुरते," ते म्हणाले.

"मला पण."

"तुला नाही पुरत. तुझे गुडघे धरतात."

"पुरते म्हटलं ना. कधीपासून ते विचारू नका."

सोमवारी सकाळी बायको आत गेली आणि नवल वाटावे इतक्या लवकर बाहेर आली. तिच्यामागून चावीवाले गेले. त्यांनी बादली अर्धी भरली आणि नळ बंद केला. तो बंद करताना मनगट जरा रेंगाळले, पण जन्मभराची सवय होती, बंद करायचे म्हणजे पुरते बंद करायचे. अर्ध्या बादलीत पाठ भिजली, छाती भिजली, मानेमागची गाठ मात्र राहून गेली. पाय कोरडेच पुसले.

"आई, मी जाते हं," सून पिंपाचे झाकण काढायला निघाली.

"अगं, गीझरमध्ये बादलीभर राहिलंय बघ," सासू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली. "नळ जायच्या आत काढून घे. वाया जाईल."

"राहिलं कसं?"

"मला काय विचारतेस? यंत्र आहे. कधी जास्त तापतं."

"आई, पण मला गारच—"

"माहीत आहे. आज एक दिवस सोस."

सून क्षणभर उभी राहिली. तिने एवढ्या लवकर अंघोळ उरकलेल्या सासूकडे पाहिले, मग पायरीवर शाल घट्ट लपेटून बसलेल्या सासऱ्याकडे. चावीवाले चिमण्यांवर नजर ठेवून होते. मग ती आत गेली. कडी लागली.

मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. "आज गाणं नाही वाटतं?"

"चहा निवतोय," आई म्हणाली.

आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, घाई नसलेल्या माणसाचा. बायको कप घेऊन पायरीवर आली आणि दोघे ऐकत बसले. पहिला तांब्या झाला. दुसरा झाला. कोणी गायले नाही.

सुनेच्या त्या एका बादलीत अर्धी चावीवाल्यांची गेली, अर्धी बायकोची. नात लहान, तिचे काही धरले नाही. मुलाच्या नावावर अजून काहीच पडले नव्हते, कारण त्याला माहीतच नव्हते. बायकोने डावे पाऊल उन्हात पुढे सरकवले, आणि या वेळी ते पातळाखाली घेतले नाही.