धुतलेली गल्ली

गुणाजी भोईरची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? सहा वर्षं मी ह्या माणसाचं वाईट व्हायची वाट बघत होते आणि आता त्याचं बिल माझ्याच हाताखालून जाणार होतं.

यंदा गणपतीच्या चार दिवस आधी उल्हास नदी शहाडमध्ये घुसली. पाणी ओसरल्यावर गल्ल्यांमधला गाळ पालिकेच्या ठेक्यावर गुणाजीच्या डंपरांनी उचलला. पुरानंतर झालेल्या खर्चातला कोणता सरकार परत देईल आणि कोणता नाही, ही छाननी पालिकेच्या ऑफिसात मी करते. सरकार देईल तेवढंच ठेकेदाराला मिळतं. गुणाजीचं बिल अकरा लाखांचं होतं, डंपर कर्जावरचे होते आणि फाइलमध्ये गाळ काढण्याआधीचा एकही फोटो नव्हता. तो नसेल तर सगळा खर्च बाद.

फोटो का नव्हता, ते मला माहीत होतं. गणपती येणार आणि दारात चिखल, हे आमच्याकडे कुणालाच सहन होत नाही. लोकांनी तगादा लावला आणि ह्याने फोटोबिटो विसरून पहाटेच माणसं कामाला लावली. काम चोख केलं होतं. मी त्या दिवशी आईकडेच होते, सगळं बघितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी हीच चूक माझ्या आईने केली होती. तेव्हाच्या पुरात आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. गौरी यायच्या म्हणून आईने पंचनाम्याची वाट न बघता घर धुऊन काढलं. पंच होता गुणाजी, आमचा चाळमालक. आमची भिजलेली गादी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी तलाठ्याला म्हणाला, "हिच्या घरात पानी आलंच नाय." त्याला खोली रिकामी करून हवी होती. सगळ्या चाळीला मदत मिळाली, आम्हाला छदाम नाही. आईचं शिलाई मशीन गंजलं, ती लोकांकडे पोळ्या करायला लागली आणि माझं कॉलेजचं एक वर्ष बुडालं. पण आईने खोली सोडली नाही. अजून तिथेच राहते.

गुणाजी ऑफिसात आला. चेहरा उतरलेला होता. बघून मला बरं वाटलं.

"बाय, काम केलंय मी. तू पन बघितलंस. डंपर ओढून नेतील गो."

"धुतलेल्या गल्लीला पुरावा काय, काका? माझ्या आईकडेही तेव्हा नव्हता."

"तवा म्हंजे कवा?" त्याने विचारलं.

नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. माझं डोकंच फिरलं. आमची सहा वर्षं जाळून हा सुखाने विसरून गेला होता!

आमचे साहेब उत्तमराव मऊ माणूस. गुणाजी गेल्यावर म्हणाले, "रुचिता, गल्लीतल्या कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो असला तर तोही चालेल. तारीख दिसली म्हणजे झालं. जरा विचारून बघ."

संध्याकाळी टिटवाळ्याला घरी जायचं सोडून मी शहाडला उतरले. आई मेथी निवडत बसली होती.

"आई, ह्या वेळी गाळाचे फोटो काढलेस?"

"काढले की. बावीस. एकदा अद्दल घडल्यावर नको काढायला?"

तिने मोबाइल पुढे केला. ढोपरभर गाळ, खाली तारीख, मागे गुणाजीच्या डंपरचा नंबरसुद्धा. एवढा एक फोटो लावला असता तर त्याचं बिल पास झालं असतं. आई देवभोळी, दारावर आलेल्याला उपाशी न पाठवणारी. आता म्हणणार, जाऊ दे गं, देऊन टाक.

"त्याला माहितीय का, तुझ्याकडे आहेत ते?"

"परवा येऊन गेला. घरोघर फोटो मागत फिरत होता. पाया पडला माझ्या."

"मग?"

"चहा दिला. आलं घालून."

"आणि फोटो?"

"म्हटलं, मला मोबाइलमधलं काही कळत नाही रे बाबा." आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. "हे पुसायचे कसे, तेवढं दाखव मला."

मी दाखवलं. बावीसही तिने स्वतःच्या बोटाने पुसले, एकेक करून, प्रत्येक नीट बघून.

दुसऱ्या दिवशी मी फाइलवर लिहिलं, गाळ काढण्यापूर्वीचा पुरावा उपलब्ध नाही, खर्च अपात्र. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.